एगनॉगमध्ये गुठळ्या होणे, ते फाटणे किंवा पातळ राहणे: दर नाताळात येणाऱ्या बिघाडाचे निवारण

दूध, साखर, अंड्यांचे बलक आणि क्रीम एकत्र शिजवून, गार करून, वर जायफळ घालून प्यायचे एगनॉग आमच्या घरी गेली चौदा वर्षे नाताळात होते. या काळात शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या ओळखीच्या घरांतून ‘बिघडले, आता काय करू?’ असे विचारणारे जे फोन आले, त्यांतील बहुतेकांची तक्रार कृतीबद्दल होती आणि चूक मात्र कृतीत नव्हती. प्रमाण कोणाचेही असो, एगनॉग बिघडते ते बहुधा शेवटच्या दोन-तीन मिनिटांच्या आचेमुळे, नाहीतर कोठून तरी नकळत शिरलेल्या आंबटपणामुळे. पुढील सर्व तपासण्या या प्रमाणावर आधारलेल्या आहेत: १ लिटर दूध, ६ बलक, सुमारे १२५ ग्रॅम साखर, २०० मिलिलिटर फ्रेश क्रीम आणि पाव जायफळ.

लक्षणे

पातेल्यातील द्रव दुधाळच आहे, पण त्यात मऊ, पिवळसर कण दिसतात आणि ते बोटांत चिरडतात, तर अंडे गरजेपेक्षा जास्त शिजले आहे. पांढऱ्या गुठळ्या वेगळ्या आणि हिरवट, पारदर्शक निवळी वेगळी दिसते, तर अंड्याचा संबंध नाही, दूधच फाटले आहे. या दोन बिघाडांतील फरक सर्वांत आधी ओळखावा, कारण पहिला बराचसा सावरता येतो आणि दुसरा मुळीच येत नाही. वरवर गुळगुळीत दिसणारे एगनॉग जिभेला कचकचीत लागते, ही तिसरी तक्रार. कितीही वेळ ढवळले तरी दाटपणा येत नाही, ही चौथी. रात्री छान दाट असलेले एगनॉग सकाळी फ्रिजमधून काढल्यावर दुधासारखे पातळ होते, ही पाचवी, आणि तिने गोंधळून गेलेली माणसे मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. याखेरीज अंड्याचा उग्र वास येणे आणि वर लोण्याचे गोळे तरंगणे ही दोन किरकोळ लक्षणे आहेत.

आधी चमच्याने पाहावे

सर्वांत सोप्या तपासणीला एक चमचा लागतो. स्टीलचा चमचा एगनॉगमध्ये बुडवून उलटा करावा आणि त्याच्या पाठीवरील थर बोटाने हलकेच चोळावा. कण बोटाखाली विरघळला तर ती न विरघळलेली साखर आहे. पातेले कोमट असतानाच ढवळावे, काम भागते. कण तपकिरी आणि लाकडासारखा टणक असेल तर ते जायफळ आहे. मोठ्या भोकांच्या किसणीवर किसलेले जायफळ शिजून मऊ होत नाही, आणि त्याच्या कणांना ‘गुठळ्या’ समजून सबंध पातेले मोरीत ओतल्याचे एक उदाहरण मला माहीत आहे. आपल्याकडे जायफळ सहाणेवर दुधाच्या दोन थेंबांत उगाळण्याची जी रीत आहे, ती येथे उत्तम चालते: आठ-दहा वळसे उगाळले की सहाणेवर जी तपकिरी साय जमते ती तशीच पातेल्यात निपटावी. वास पूर्ण उतरतो आणि कण राहत नाही. मात्र पाव जायफळाच्या पुढे जाऊ नये. जायफळ मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास गुंगी, मळमळ आणि धडधड होते.

कण पिवळा, बारीक, पण कडक असेल आणि पातेले आचेवर चढण्यापूर्वीच मिश्रणात दिसला असेल, तर बलकांवर साखर घालून ते तसेच ठेवले होते का, ते आठवून पाहावे. साखर बलकातील पाणी ओढून घेते आणि बलकाचे असे दाणे होतात की ते पुढे कशानेच मोडत नाहीत. म्हणून साखर घालताच लगेच फेटायला घ्यावे, आणि त्याच वेळी दारावर कोणी आले तर त्यांना दोन मिनिटे थांबवावे. दाणे झालेच असतील तर मिश्रण बारीक गाळणीतून गाळून पुढे जावे. थोडा बलक वाया जातो, बाकी नुकसान नाही.

अंड्याच्या उग्र वासाची तपासणीही फुकटचीच आहे. हा वास मुख्यतः पांढऱ्या भागातील गंधकयुक्त प्रथिने तापल्याने येतो, त्यामुळे बलक वेगळे करताना पांढरे किती राहिले यावर सर्व अवलंबून असते. कवचाच्या दोन अर्धुकांत बलक इकडून तिकडे करण्याऐवजी तो सरळ स्वच्छ तळहातावर घ्यावा आणि पांढरे बोटांतून गळू द्यावे. कवचाची धूळही त्यामुळे टळते. नंतर बलक गाळणीतून गाळले की त्यांना चिकटलेले पांढरे दोरे वर राहतात.

आंबटपणाचा शोध

दूध फाटले असेल तर आच तपासण्यात वेळ घालवू नये. आंबट कोठून आले ते शोधावे, आणि सुरुवात दुधापासून करावी. गोठ्यावरून सकाळी आलेले सुटे दूध संध्याकाळपर्यंत बाहेर राहिले असेल तर ते नुसते प्यायला गोड लागते, पण उकळीला टिकेलच असे नाही. म्हणून एगनॉगला हात लावण्यापूर्वी अर्धी वाटी दूध वेगळे उकळून पाहावे. ते टिकले तर लिटर टिकेल. फाटले तर पनीर करून मोकळे व्हावे, कारण त्या दुधात सहा बलक घालणे म्हणजे सहा अंडी फुकट घालवणे.

दूध चांगले निघाले तर पुढचा संशयित गूळ. साखरेऐवजी गूळ घालण्याची हौस अलीकडे वाढली आहे, पण गूळ थोडा आम्लधर्मी असल्याने तापत्या दुधात पडताच ते फाटू शकते, हे गुळाचा चहा करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गुळाचीच चव हवी असेल तर एगनॉग साखर न घालता शिजवून, पूर्ण गार करून, मग त्यात गुळाचा गार पाक घालावा.

तिसरा संशयित खास आपल्या गावचा आहे. नाशिकमध्ये वाइन सहज मिळते आणि रम किंवा ब्रँडीच्या जागी ती घालून पाहण्याचा मोह दर वर्षी कोणा ना कोणाला होतो. आमच्या भाच्याने एका वर्षी मला न विचारता अर्धी बाटली पांढरी वाइन गरम पातेल्यात ओतली होती. डाव फिरवेपर्यंत वर दह्यासारखा गोळा आणि खाली निवळी असे चित्र तयार झाले. वाइनचे आम्लमूल्य (पीएच) साधारण ३ ते ४ च्या दरम्यान असते आणि तेवढ्या आंबटात दुधातील केसिन हे प्रथिन एकत्र गोळा होणारच. गंमत अशी, की एगनॉगचे इंग्लंडमधील पूर्वज मानले जाणारे पॉसेट हे पेय गरम दुधात वाइन किंवा एल नावाची बिअर घालून मुद्दाम फाडूनच करत असत. परंतु ज्याला एगनॉग हवे आहे त्याने वाइन वेगळ्या पेल्यात घ्यावी. रम आणि ब्रँडी आंबट नसल्याने चालतात, मात्र तीही एगनॉग फ्रिजमध्ये गार झाल्यावर, बारीक धारेने आणि ढवळत घालावीत. गरम मिश्रणात मद्य एकदम पडले तर प्रथिने त्यानेही आवळतात.

अंडी आणि क्रीम

खोल वाडग्यातील पाण्यात अंडे सोडावे. तळाशी आडवे बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर या कामाला निरुपयोगी. जुन्या अंड्यात हवेची पोकळी वाढलेली असते आणि बलकाचे आवरण सैल पडलेले असते, त्यामुळे वेगळे करताना बलक फुटतो आणि पांढऱ्यात मिसळतो. गावरान अंडी घेतली तर ती आकाराने लहान असल्याने सहाऐवजी आठ बलक घ्यावे लागतात. एगनॉग पातळ राहण्याचे हे साधे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. बाजारातील नेहमीच्या अंड्याचा बलक साधारण १६ ते १८ ग्रॅमचा धरावा आणि एकूण वजन १०० ग्रॅमच्या आसपास आणावे.

लोण्याचे गोळे तरंगत असतील तर क्रीमऐवजी घरची साय वापरून मिक्सर फिरवलेला असतो. साय वापरायला हरकत नाही, पण ती दुधातच घोटून गाळावी. मिक्सरमध्ये तिचे लोणी निघते.

आच: बहुतेक बिघाडांचे मूळ

येथे जरा थांबावे लागेल. नुसता बलक ६५ अंश सेल्सिअसला दाटू लागतो आणि ७० च्या आसपास घट्ट होतो. दूध आणि साखर मिसळल्यावर हे तापमान वर सरकते, आणि एगनॉगला योग्य दाटपणा साधारण ७५ ते ८० अंशांच्या दरम्यान येतो. ८५ च्या पुढे गेल्यास बलकातील प्रथिने एकमेकांना इतकी आवळून धरतात, की पाणी बाहेर टाकून त्यांच्या गुठळ्या होतात. म्हणजे हातात असलेली जागा जेमतेम दहा अंशांची आहे, आणि मंद आचेवरही पातेले ती दोन मिनिटांत ओलांडते. बासुंदी आटवताना उकळी आली तर काही बिघडत नाही, उलट ती हवीच असते. एगनॉगला उकळी म्हणजे शेवट. बासुंदीची सवय असलेला हात येथेच फसतो. माझाही फसला होता. पहिल्या वर्षी कॅरोल गाणारी मंडळी दारात आली म्हणून डाव पातेल्यात ठेवून बाहेर गेले आणि परत आले तेव्हा वीस माणसांसाठी केलेल्या एगनॉगची गोड भुर्जी झाली होती.

सर्वप्रथम क्रम तपासावा. गरम दुधात बलक ओतले असतील तर गुठळ्या तेथेच झाल्या. बलकांच्या वाडग्यात गरम दूध यायला हवे, तेही पहिले दोन डाव अगदी बारीक धारेने आणि दुसऱ्या हाताने सतत फेटत. बलक कोमट झाले की मगच ते मिश्रण पातेल्यात परत घालावे. एकट्याला हे जमत नसेल तर धार धरायला घरातील कोणाला तरी बोलवावे.

मग पातेले पाहावे. पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वरचा भाग भयंकर तापतो आणि कडेचे दूध कोमटच असते, त्यामुळे मधोमध गुठळ्या आणि कडेला कच्चे अशी अवस्था होते. जाड बुडाचे पातेले घ्यावे, किंवा मोठ्या पातेल्यात दोन बोटे पाणी उकळत ठेवून त्यावर दुसरे भांडे ठेवावे. वेळ दुप्पट लागतो, पण गुठळी होण्याची भीती फारच कमी होते. स्वस्त इंडक्शन शेगडीवर तर ही पाण्याची तजवीज करावीच, कारण अशा अनेक शेगड्या कमी आकड्यावर सातत्याने मंद तापत नाहीत, तर काही क्षण पूर्ण जोराने चालून काही क्षण बंद राहतात.

शिजले की नाही हे ओळखण्याची जुनी खूण अशी: डावाची पाठ एगनॉगने माखावी आणि तिच्यावरून बोट ओढावे. रेघ स्वच्छ राहिली आणि वरचा थर तिच्यात ओघळला नाही, तर पातेले त्याच क्षणी उतरवावे. दुसरी खूण फेसाची आहे. सुरुवातीला वर असलेला बारीक फेस विरत जातो आणि पृष्ठभाग साटिनसारखा दिसू लागतो. ते दिसल्यापासून नजर हलवू नये. उतरवलेले पातेले ओट्यावर न ठेवता गार पाण्याच्या परातीत ठेवावे, कारण जाड बुडातील उष्णता आच बंद केल्यानंतरही मिश्रण शिजवत राहते.

खुणांवर विसंबायचे नसेल, आणि अंड्यांच्या बाबतीत विसंबू नयेच, तर अन्नाचा थर्मामीटर घ्यावा. आपल्याकडील अंडी सामान्यतः निर्जंतुक केलेली नसतात आणि साल्मोनेला हा जीवाणू कवचावर किंवा क्वचित आतही असू शकतो. मिश्रण ७१ अंशांपर्यंत पोहोचले की ते सुरक्षित मानले जाते. म्हणजे ७१ च्या खाली उतरवायचे नाही आणि ८० च्या वर जाऊ द्यायचे नाही. थर्मामीटर खरा आहे का, हे आधी उकळत्या पाण्यात तपासावे, पण तेथे १०० ची अपेक्षा ठेवू नये: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तो ९८ दाखवत असेल तर चांगला आहे, बदलून आणायला दुकानात जाऊ नये.

मऊ गुठळ्या नुकत्याच दिसू लागल्या असतील तर पातेले लगेच गार पाण्यात ठेवावे, दोन चमचे गार दूध घालून फेटावे, कोमट झाल्यावर मिक्सरमधून वीस सेकंद फिरवून गाळावे. गरम असताना मिक्सरच्या बंद भांड्यात घालू नये, वाफेने झाकण उडते. मिक्सरनंतरही वाळूसारखे लागत असेल तर नाद सोडावा.

रात्री दाट, सकाळी पातळ

हा बिघाड जवळजवळ नेहमी कस्टर्ड पावडर किंवा कॉर्नफ्लोअर घालणाऱ्यांच्याच घरी होतो. बलकात अमायलेज नावाचे विकर असते आणि ते पिठूळ पदार्थांतील स्टार्च तोडते. मिश्रण ८० अंशांवर उतरवले तर हे विकर जिवंत राहते आणि रात्रभर फ्रिजमध्ये आपले काम करत बसते. कॉर्नफ्लोअर घालायचेच असेल तर वर सांगितलेला नियम उलटतो: मिश्रणाला ढवळत-ढवळत उकळी आणून एक मिनिट ठेवावे लागते, आणि स्टार्चमुळे बलकाची गुठळी तेवढ्यात होत नाही. लिटरला दोन सपाट चमचे पुरतात. माझे मत विचाराल तर तो प्रकार खिरीच्या जवळ जातो. सातवा बलक घालणे बरे.

गार करणे आणि ठेवणे

नाशिकची थंडी या बाबतीत फसवी आहे. डिसेंबरच्या पहाटे निफाडकडे पारा एक आकडी होतो म्हणून पातेले रात्री गॅलरीत ठेवणारी घरे आहेत, पण दुपारी त्याच गॅलरीत २५ अंशांच्या वर तापमान जाते. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत एगनॉग फ्रिजमध्ये जायला हवे, तेही उथळ भांड्यांत विभागून, म्हणजे मध्यापर्यंत लवकर गार होते. रम घातली आहे म्हणून ते टिकेल, ही समजूत सोडून द्यावी. १२० मिलिलिटर रम, तिच्यातील ४२.८ टक्के मद्यांश धरला, तर सव्वा-दीड लिटर एगनॉगमध्ये जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास भरते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रेबेका लान्सफील्ड या जीवाणुशास्त्रज्ञ बाईंच्या कृतीचे, पुष्कळ जास्त मद्य असलेले एगनॉग करून त्यात मुद्दाम साल्मोनेला सोडून पाहिले होते. तेथेसुद्धा जीवाणू नाहीसे व्हायला तीन आठवडे लागले. आपले शिजवलेले एगनॉग दोन, फार तर तीन दिवसांत संपवावे.

इतके करूनही एगनॉग दुसऱ्याच दिवशी आंबूस येत असेल तर फ्रिज तपासावा. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर राहू द्यावा. सकाळी ५ अंश किंवा त्याखाली दिसले तर ठीक. वर दिसले तर नॉब एक घर वाढवावा, मागे चिकटलेली भांडी पुढे ओढावीत, दाराच्या रबरात कागद अडकवून पकड पाहावी. तरीही पारा ८ च्या खाली उतरत नसेल तर तेथे थांबून फ्रिज दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलवावे. वायू भरणे किंवा कॉम्प्रेसर पाहणे हे आपले काम नाही.

येथे हात थांबवावा

सर्वांत अवघड दोष शेगडीतच असतो. सिमवर ठेवूनही ज्योत लहान होत नसेल, एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला विझल्यासारखी असेल, किंवा निळीऐवजी पिवळी होऊन पातेल्याचे बूड काळे करत असेल, तर आपण एवढेच करावे: शेगडी पूर्ण गार झाल्यावर बर्नरची टोपी काढून कोमट पाण्यात धुवावी, भोके टाचणीने मोकळी करावीत, पूर्ण कोरडी करून नीट बसवावी. फरक पडला नाही तर नॉब, नळी किंवा जेट स्वतः उघडू नये, गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवावे. गॅसचा वास येत असेल तर एगनॉग विसरून रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

दुसरी थांबण्याची वेळ प्यायल्यानंतरची आहे. साल्मोनेलाची लक्षणे ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. जुलाब आणि पोटदुखी झाली तर जलसंजीवनी सुरू करावी. पण ताप ३९ अंशांच्या वर गेला, शौचावाटे रक्त पडले, पाणीही पोटात ठरेना, लघवी कमी झाली किंवा जुलाब तीन दिवसांत थांबले नाहीत, तर ओवा-सुंठीवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. लहान मूल, गरोदर बाई किंवा वृद्ध माणूस असेल तर या कशाचीही वाट न पाहता पहिल्याच दिवशी जावे, आणि एगनॉग कधी केले, अंडी कोणती होती, मिश्रण कितपत तापले होते, हे त्यांना स्पष्ट सांगावे. उरलेले एगनॉग तोपर्यंत कोणालाही देऊ नये.